रहाटावर दोघी

आई,

परवा सातवीच्या वर्गात एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, रहाटगाडगं म्हणजे नक्की काय?" धड्यात संसाराच्या रहाटगाडग्याबद्दल एक वाक्य होतं. वीसेक वर्षं मी या शब्दाचा अर्थ फळ्यावर एका ओळीत लिहून देत आले आहे : रोज तेच ते, न संपणारं, कंटाळवाणं काम. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तसंच लिहितात, मी बरोबरची खूण करते आणि पुढच्या पेपरकडे वळते. परवा मात्र मी खडू घेतला आणि फळ्यावर विहीर काढली. विहिरीवर चाक, चाकावरून खाली सोडलेली दोरांची माळ, माळेला बांधलेली मातीची गाडगी. रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत ओततात, पुन्हा रिकामी खाली जातात. गाडग्याच्या तळाला बारीक भोक असतं हेसुद्धा सांगितलं. चाक थांबलं की पाणी हळूहळू गळून जातं, नाहीतर भरलेल्या गाडग्यांच्या ओझ्यानं चाक उलटं फिरेल. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, तुमच्या गावाला होतं का? मी म्हटलं, माझ्या आईच्या माहेरी होतं. मग आईनं सांगितलं का तुम्हाला? मी हो म्हटलं.

ते खोटं होतं. मला तू यातलं काहीच सांगितलेलं नाहीस. तू जिला सांगितलंस, तिनं मला सांगितलं. आणि ते ऐकल्यापासून महिनाभर माझ्या पोटात दुखतंय. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं, जाऊन एकोणीस वर्षं झालेल्या आईवरून, एका पंचाहत्तरीच्या म्हातारीचा हेवा करावा हे काही शोभत नाही. पण आहे ते आहे. ज्यांना शोभतं तेवढंच वाटतं, त्यांनी पत्रं लिहू नयेत.

माझ्या वाट्याला त्या शब्दाचं नुसतं टरफल आलं. सकाळी साडेपाचला चारकोपच्या आपल्या खोलीत स्टोव्हचा आवाज सुरू व्हायचा आणि पाठोपाठ तुझा : "चला, सुरू झालं रहाटगाडगं." ना तक्रार, ना कौतुक. कणीक, भाजी, आजीचा चहा, माझी वेणी, बाबांचे कपडे, आणि सगळ्यात शेवटी तुझा दोन खणी डबा. मग पिशवी खांद्याला आणि तू अंधेरीला, औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात, जिथे तू बावीस वर्षं तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळल्यास. डाव्या हाताच्या चिमटीत तार, उजव्या हातानं हँडल, समोर वेढे मोजणारा काटा. संध्याकाळी परत आलीस की तुझ्या हातांना वॉर्निशचा वास यायचा आणि चिमटीची कातडी तारेनं चिरलेली असायची. मी विचारायचे, आज काय झालं? तू म्हणायचीस, काय व्हायचंय, तेच रहाटगाडगं. झालं, संपला आपला संवाद. मला वाटायचं, बाहेर काही घडत नसेल म्हणून आई बोलत नाही. तू तिकडे दिवसभर बोलून येत होतीस हे मला कसं कळावं?

पण त्या डब्याबद्दल मला लहानपणापासून संशय होता. घरात बांगडे आले की मधले तुकडे कुणाच्या पानात पडतात यावर माझी बारीक नजर असे. बाबांना एक, आजीला एक, आणि सगळ्यात मोठा, कुरकुरीत भाजलेला, तुझ्या डब्यात. माझ्या पानात शेपूट. वांग्याचे काप केलेस तर गोल सुबक काप डब्यात, तुटकी टोकं आम्हाला. दुसऱ्यांच्या आया उरलंसुरलं खातात, माझी आई स्वतःसाठी उत्तम ते बाजूला काढते, असं मी शाळेत एका मैत्रिणीला सांगितलंसुद्धा होतं. अकरा वर्षांची असताना एका सकाळी तू केस विंचरायला वळलीस आणि मी डब्यातला तुकडा उचलून तोंडात घातला. तू आयुष्यात मला एकदाच मारलंस, ते तेव्हा. तुझी बोटं गालावर उमटली होती. "त्या डब्याला हात लावायचा नाही," एवढंच म्हणालीस. मग तू राहिलेला शेपटाचा तुकडा डब्यात घातला नाहीस. घाईघाईनं दोन अंडी फोडलीस, पोळी केलीस आणि ती भरलीस. तुला उशीर झाला, तरी तू ते केलंस. माझ्या रडण्याकडे बघायला मात्र तुला वेळ नव्हता.

गोवर आला होता तेव्हाची गोष्टही तशीच. अंग भाजत होतं, मी तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. आजी म्हणाली, एक दिवस नको जाऊस, पोर तापलीय. तू माझी बोटं एकेक करून सोडवलीस, डबा पिशवीत घातलास आणि म्हणालीस, मला जायलाच हवं. ते जायलाच हवं मी कितीतरी वर्षं चघळत राहिले. कसल्या त्या कॉइली, ज्यांच्यासाठी जायलाच हवं!

थपडेनंतर आठवड्याभरानं मी जे केलं ते शेवटी लिहीन. आधी तिच्याबद्दल लिहू दे.

ती तुझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. मला ती पहिल्यांदा दिसली तुझ्या तेराव्याला. तू कामावर चक्कर येऊन पडलीस, तिनंच तुला रिक्षात घालून आणलं, आणि तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तेराव्याला ती दारातच चपलांपाशी उभी राहून रडत होती, माझ्यापेक्षा मोठ्यानं. मला राग आला. माझी आई गेली आहे, मी अजून रडले नाही, आणि ही कोण? आजीनं तिचं आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. मग आजीनं सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून चहा दिला आणि तिला कानतुटक्या कपातून, जो कप एरवी आपण फेकून द्यायचाच म्हणून कोनाड्यात ठेवलेला होता. मी ते पाहिलं. ती चहा प्यायली आणि जाताना तिनं कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. मी तेही पाहिलं आणि काही बोलले नाही. मला दबक्या आवाजात एवढंच म्हणाली, "त्या दिवशी गडबडीत डब्यांची अदलाबदल झाली गं. माझा तुमच्याकडे राहिला असंल. तिचा माझ्याकडं हाय." मी म्हटलं, बघते.

बघायचं काय होतं? ओट्याखालीच होता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव होतं. मी तो कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला. परत दिला तर ती पुन्हा येईल, पुन्हा तशी रडेल, आणि तुझ्याबद्दल मला माहीत नसलेलं काहीतरी बोलेल, ही माझी भीती. दर दिवाळीला तिचा फोन येतो. बाळा, बरी हायस का, पोरं काय करतात? मी दोन मिनिटांत ठेवते. एकोणीस दिवाळ्या झाल्या, तिनं डब्याचं नाव काढलं नाही.

आता आपली ती सोसायटी पाडून नवी इमारत होणार आहे. खोली रिकामी करताना माळ्यावरून तो डबा खाली आला. माझ्या नवऱ्यानं झाकणावरचं नाव वाचलं आणि विचारलं, हे कोण? तुझ्या आयुष्यातल्या बावीस वर्षांची सोबतीण, आणि मी म्हणाले, आईच्या कामावरची कुणीतरी. त्याच रविवारी मी अंधेरीहून मेट्रोनं घाटकोपरला गेले. मनात परतफेडीची वगैरे भावना नव्हती. तुझं नाव कोरलेला डबा तिच्या घरात आहे, तो मला हवा होता, बस.

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. मुलगा-सून कामानिमित्त बाहेर. तिला आता नीट दिसत नाही. तिनं माझ्या चेहऱ्याऐवजी माझे हात हातात घेऊन चाचपले आणि म्हणाली, तिच्यासारखीच लांब बोटं. बघ, हेही माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. मग तिनं मला बसवलं आणि तुझ्याबद्दल बोलायला लागली, जणू तू आत पाणी आणायला गेली आहेस.

ती कारखान्यात आली तेव्हा चौतीस वर्षांची होती, सोलापूरकडून नुकतीच आलेली. जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसायच्या, त्यात तिला जागा नसायची. स्पष्ट कुणी काही बोलायचं नाही, फक्त गोल मिटलेला असायचा. ती मशीनपाशी भिंतीकडे तोंड करून खायची. पाचव्या दिवशी तिनं ठरवलं होतं, उद्यापासून यायचं नाही. त्या दिवशी तू आपला डबा घेऊन तिच्याजवळ गेलीस, तिच्या हातातला डबा काढून घेतलास, तुझा तिच्या पुढ्यात ठेवलास आणि तिची भाकरी खायला लागलीस. आई, पुढचं तिनं तुझ्या आवाजात सांगितलं. तुझा आवाज तिच्याकडे शिल्लक आहे. माझ्याकडे नाही.

"म्हणाली, उद्यापासून तुझा डबा मी खाणार आणि माझा तू. नाही आलीस तर मी उपाशी."

तुझ्या माहेरच्या वाडीतली ती रीत होती म्हणे. विहिरीवर पायानं चालवायचा रहाट, फळीवर बसून पावलांनी एकेक दांडा खाली रेटायचा, की सुपारीच्या बागेला पाणी जायचं. पण त्यावर कुणी एकटीनं बसायचं नाही असा नियम होता. तेच चाक, तीच गाडगी, तोच आवाज, बघता बघता डोळा लागतो आणि माणूस विहिरीत जातं. म्हणून एकीनं रेटायचं, दुसरीनं बाजूला बसून बोलत राहायचं, मग पाळी बदलायची. आणि न्याहारी आपल्या घरची खायची नाही, जोडीदारणीच्या घरची खायची, म्हणजे दुसरीला यावंच लागतं. तू शेजारच्या घरातल्या मुलीबरोबर बसायचीस. ती तिच्याकडचे घावने आणायची, तू तुझ्याकडची पेज. तुझे सगळ्यात जास्त हसण्याचे दिवस ते, असं तू तिला सांगितलं होतंस. सकाळी मशीनवर बसताना तू म्हणायचीस, चला गं, रहाटावर बसूया. आणि मग दिवसभर एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. तिला आपल्या घरातलं सगळं माहीत होतं. बाबांचं पिणं, आजीचे टोमणे, मला दहावीला किती पडले, मी पहिल्यांदा साडी नेसले तेव्हा निऱ्या कशा सुटल्या. तिला तुझं सगळं बोलणं मिळालं, मला ते बोलून रिकामी झालेली आई मिळाली. चाक थांबल्यावर गाडग्यात काय उरतं, ते मी परवा वर्गात समजावून सांगितलंच की.

घरी तू यातलं अक्षर काढलं नाहीस ते का, हे मला कळतं. आजीनं एकदा विचारलं होतं, तिकडे कुणाकुणाच्या हातचं खातेस? तू कणीक मळत म्हणाली होतीस, माझ्याच हातचं. मी तिथेच अभ्यास करत होते. आजीपासून लपवायचं होतं, मान्य. पण मला कधीतरी कानात सांगितलं असतंस तर? की मी आजीचीच नात, सांगून टाकीन, असं वाटलं तुला? वाटलं असेल, आणि बरोबरच वाटलं असेल. तेराव्याच्या दिवशी तो कप बघून मी गप्पच बसले होते की.

म्हणून मधला तुकडा डब्यात. म्हणून गोवरात जायलाच हवं. तू गेली नसतीस तर ती उपाशी राहिली असती. सगळं कळलं, आई, चांगलं लख्ख कळलं, आणि तरीही तिथे बसून मला वाटत होतं, माझा मधला तुकडा हिनं खाल्ला. बावीस वर्षं. तिला कमी दिसतं ते बरं झालं, माझं तोंड तिनं पाहिलं नाही.

मग ती हसायला लागली. म्हणाली, "तुझी आई सुगरण, पण एकदा तिच्या हातून मीठ पडलं बघ. गवारीची भाजी. मूठभर असंल. जिभेवर ठेववना."

ती सांगत होती, तू समोर तिची भाकरी खात होतीस, तुला काय पत्ता? विचारलंस, कशी झालीय? ती म्हणाली, झकास. आणि तिनं ती भाजी बोटानं पुसून संपवली, वर तीन तांबे पाणी प्यायली. तुझ्या जिवाला लागेल म्हणून तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिला वाटलं, बिचारीचं घरी काहीतरी बिनसलं असेल, म्हणून हात चुकला.

तुझा हात चुकला नव्हता. ते मी केलं होतं. थपडेनंतर आठवड्याभरानं, तू आजीला गोळी द्यायला आत गेलीस तेव्हा, मिठाच्या बरणीत हात घालून मूठ भरून. स्वतःसाठी चांगलं चांगलं नेतेस ना, घे खा. दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी तू आलीस, डबा रिकामा होता, नेहमीसारखा घासून पालथा घातलास आणि काहीच बोलली नाहीस. उलट पदराच्या गाठीतून तांब्याच्या तारेची पिळाची अंगठी काढून माझ्या बोटात घातलीस. टाकाऊ तुकड्याची, तूच वळलेली. त्या दिवशी मी ठरवून टाकलं, आईला कळलंय, तिनं ती खारट भाजी गपचूप खाल्ली आणि मला माफ केलं. बोट हिरवं पडेपर्यंत ती अंगठी मी काढली नाही. तुझ्या-माझ्यात फार काही बोलणं झालं नाही हे मी कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण माझ्याकडे ही एक गोष्ट होती. माझी आई न बोलता माफ करते. पस्तीस वर्षं मी त्यावर काढली. माझ्या मुलीला सांगितली, शाळेत निरोपसमारंभात नाव न घेता सांगितली, लोकांचे डोळे पाणावले.

आणि ती भाजी खाल्ली होती हिनं. तुला काहीच माहीत नव्हतं. माझी सगळ्यात मोलाची गोष्टसुद्धा तिच्याच डब्यातली निघाली.

तिला मी खरं सांगितलं नाही. सांगायला जीभ उचलत होती, पण मग मी म्हटलं, हो, घाईत व्हायचं असं कधीकधी. तुझ्यावरच तो ठपका राहू दिला. वर डबा मागितला. ती लगेच उठली, चाचपत मांडणीपाशी गेली. तुझ्या डब्यात ती औषधाच्या गोळ्या ठेवते, खालच्या खणात सकाळच्या, वरच्या खणात रात्रीच्या. त्या तिनं एका वाटीत ओतल्या, डबा पदरानं पुसला आणि दिला. झाकणावर तुझं नाव आहे, तिच्या अंगठ्यानं घासून घासून मधलं अक्षर बुजलंय. माझ्या हातात दिल्यावर तिचा हात झाकणावर जरासा राहिला, मग काढून घेतला. तिचा डबा मी तिच्यापुढे ठेवला, तर तिनं त्याला हातसुद्धा लावला नाही. मी आले निघून.

तो आता माझ्या ओट्यावर आहे. मी त्यात काही ठेवलेलं नाही. काय ठेवायचं तेच सुचत नाही. तिच्या गोळ्या सकाळच्या रात्रीत मिसळल्या असतील का, हा विचार रोज स्वयंपाक करताना येतो, आणि पुढच्या रविवारी नेऊन देईन म्हणते. गेल्या रविवारीही म्हटलं होतं.

त्या अंगठीचा मात्र मला परवा वर्गात, फळ्यावर गाडगी काढता काढता उलगडा झाला. ती माफीची नव्हती. तुला मिठाचं माहीतच नव्हतं, मग माफी कसली? म्हणजे त्या दिवशी मशीनवर बसून, तिच्याशी बोलता बोलता, मध्येच तुला मी आठवले. काही कारण नसताना. तेवढा वेळ चाक थांबवून तू तार वळलीस. हे काही तिनं मला दिलेलं नाही, हे माझं मी शोधलंय, आणि हे मी तिला सांगणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? तपासायच्या वह्यांखाली राहील. तुला वाचता येणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी गवारीत मीठ मी टाकलं होतं, आई. तुझ्यासाठी टाकलं होतं.